बायसन आणि लाँगहॉर्न एकाच पोस्टरवर लावण्याआधी: टेक्सास-ओक्लाहोमातल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

डॅलस, फोर्ट वर्थ, ऑस्टिन, ह्यूस्टन, ओक्लाहोमा सिटी, जिथे कुठे आपलं मराठी मंडळ आहे आणि त्याला जोडून मराठी शाळा आहे, तिथल्या कमिटीला, शाळेच्या शिक्षकांना आणि पिकनिक-सहलींची जबाबदारी अंगावर घेणाऱ्या सगळ्यांना हे पत्र आहे. नोकरी-घर सांभाळून तुम्ही किती राबता ते मी जवळून बघितलंय, मी स्वतः मराठी शाळेत शिकवते, त्यामुळे कुणाला नावं ठेवायला लिहीत नाहीये. पण एक गोष्ट बरेच दिवस मनात खदखदतेय, ती आता सगळ्यांसमोर मांडतेच.

आपल्याकडे "वाइल्ड वेस्ट" थीम फार आवडीची आहे. पिकनिक असो, मुलांचा फॅन्सी ड्रेस असो, नवीन आलेल्या फॅमिलीजचं स्वागत असो, पोस्टर ठरलेलं: एका बाजूला बायसन, म्हणजे इथला रानबैल, दुसऱ्या बाजूला लांबलचक शिंगांचा लाँगहॉर्न बैल, मधे मावळता सूर्य आणि घोड्यावरचा काऊबॉय. मुलं हॅट-बूट घालून येतात, एखाद्याच्या डोक्यावर कागदी पिसांचा टोप असतो आणि माइकवरून "आता येतोय आपला छोटा रेड इंडियन" असं सांगितलं जातं, सगळे टाळ्या वाजवतात. मग फोर्ट वर्थ स्टॉकयार्ड्सची ट्रिप, तिथे रोज दोनदा एक्स्चेंज अव्हेन्यूवरून लाँगहॉर्न बैल हाकत नेतात ते बघायचं, फोटो काढायचे, परत. पोरं पुढे यूटी ऑस्टिनला लागली की तर्जनी आणि करंगळी वर करून हुक एम हॉर्न्सचा, म्हणजे विद्यापीठाच्या लाँगहॉर्न-खुणेचा फोटो, पुण्या-नाशिकच्या आजी-आजोबांना पाठवायला.

लाँगहॉर्न मला मनापासून आवडतात आणि बायसन त्याहून जास्त, त्यामुळे ही हौस मला कळते. माझं म्हणणं वेगळंच आहे. पोस्टरवर ही दोन जनावरं जोडीदारासारखी उभी असतात आणि तशी ती कधीच नव्हती. एकाला संपवलं तेव्हा दुसऱ्याला मोकळी वाट मिळाली, आणि ज्याला संपवलं त्याच्यावर ज्यांचं सगळं जगणं होतं त्या माणसांनाही त्याच्याबरोबर उखडून टाकलं. हे कुठे लांब नाही घडलं, आपण लाँग वीकेंडला ज्या रस्त्यांनी जातो त्यांच्याच दोन्ही बाजूंना घडलंय. आपली मुलं चौथीत आणि सातवीत टेक्सासचा इतिहास शिकतात, घरी येऊन प्रश्न विचारतात, आणि आपल्याला काऊबॉयच्या पलीकडे काही सांगता येत नाही.

आधी बायसनचं बघू. उत्तर अमेरिकेच्या गवताळ पट्ट्यात पूर्वी किती बायसन होते याचे अंदाज ३ कोटींपासून ६ कोटींपर्यंत आहेत. १८८० चं दशक संपेपर्यंत उरले जेमतेम हजाराच्या आसपास, त्यातलेही बरेच प्राणिसंग्रहालयात किंवा कुणाच्या तरी खाजगी कुरणात. एका माणसाच्या आयुष्यात होत्याचं नव्हतं झालं. १८७१ च्या सुमाराला कातडी कमावणाऱ्या कारखान्यांना बायसनच्या कातड्यापासून टिकाऊ चामडं बनवायची रीत सापडली. त्याआधी मुख्य व्यापार होता तो हिवाळ्यातल्या केसाळ कातड्यांचा, पांघरायला. आता कुठल्याही महिन्यातलं कातडं विकलं जायला लागलं, कारण कारखान्यातल्या मशिनी फिरवणारे पट्टे त्या जाड चामड्याचे करता यायचे आणि पट्ट्यांची मागणी तर संपणारी नव्हती. रेल्वे १८७२ ला कॅन्ससमधल्या डॉज सिटीपर्यंत पोचली आणि माल न्यायची सोय झाली. शिकारी वारा बघून लांब बसायचा, आधी कळपाच्या पुढे चालणारी गाय टिपायचा, ती पडली की बाकीचे गोंधळून तिथेच घुटमळायचे, आणि हा जागेवरून न हलता एकेक करत पाडत राहायचा. कातडं सोलून न्यायचं, कधी जीभ कापून घ्यायची, उरलेलं सगळं तिथेच कुजायला सोडायचं. दक्षिणेकडचा कळप, म्हणजे आपल्या टेक्सासच्या बाजूचा, १८७९ पर्यंत संपला. उत्तरेकडचा १८८३ पर्यंत.

त्यानंतर हाडं. माळावर पांढरी पडलेली हाडं वेचून रेल्वेच्या डब्यांत भरून पाठवायचा धंदा कित्येक वर्षं चालला, खतासाठी आणि साखर शुभ्र करायला लागणाऱ्या हाडांच्या कोळशासाठी. डेट्रॉइटजवळच्या अशा एका कारखान्यातला जुना फोटो आहे, बायसनच्या कवट्यांचा डोंगर, एक माणूस खाली उभा आणि एक पार वर. शाळेतल्या मोठ्या मुलांना हा फोटो दाखवाच असं मी म्हणेन. लहान आहेत, घाबरतील वगैरे पालक म्हणतात, पण बारा-तेरा वर्षांच्या मुलाला हे समजतं आणि पेलवतं, माझ्या वर्गात मी बघितलंय, मुलं एकदम शांत होतात आणि मग प्रश्नांवर प्रश्न विचारतात.

आणि हे सगळं निव्वळ हावेपोटी, कुणाचं लक्ष नसताना झालं असंही समजू नका. १८७३ मध्ये तेव्हाचे इंटीरियर सेक्रेटरी (सरकारी जमिनी आणि मूळ रहिवाशांचा कारभार बघणाऱ्या खात्याचे मंत्री) कोलंबस डेलानो यांनी सरकारी अहवालात स्वच्छ लिहिलं की पश्चिमेकडचे बायसन पूर्ण नाहीसे झाले तरी त्याचं फारसं वाईट वाटायचं कारण नाही, कारण त्यामुळे तिथले मूळ रहिवासी शिकार सोडून शेतीवर येतील. पुढच्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने बायसन वाचवण्यासाठी विधेयक मंजूर केलं होतं, राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्यावर सही केली नाही आणि ते तसंच बारगळलं. आज त्याच इंटीरियर डिपार्टमेंटच्या शिक्क्यावर बायसन आहे, आणि ९ मे २०१६ ला कायदा करून बायसनला अमेरिकेचा राष्ट्रीय सस्तन प्राणी म्हणून मान दिला. तो मान योग्यच आहे. पण मुलांना मान सांगायचा आणि आधीचं गाळायचं, हे मला पटत नाही.

कारण बायसनबरोबर माणसं गेली. कोमांची, कायोवा, शायेन, अरापाहो, लकोटा, या सगळ्या मूळ जमातींचं घर बायसनच्या कातड्याचं, अन्न बायसनचं, शिवायचा दोरा त्याच्या स्नायुबंधांचा, हत्यारं हाडांची, पाणी भरायची पखालसुद्धा त्याच्या पोटाची. देव-धर्म, सण, सगळं त्याच्याभोवती. ज्यांना सैन्याने लढाईत पुरतं हरवता येत नव्हतं ते उपाशी राहिल्यावर रिझर्वेशनवर, म्हणजे सरकारने आखून दिलेल्या जमिनीवर आले.

आता पालो ड्युरो कॅन्यन घ्या. अमरिलोजवळचं, आपल्यापैकी कितीतरी जणांनी तिथे कॅम्पिंग केलंय, लाल कडे, संध्याकाळचा उजेड, सुंदरच आहे. २८ सप्टेंबर १८७४ ला कर्नल मॅकेन्झीच्या घोडदळाने त्या दरीत उतरून कोमांची, कायोवा आणि शायेन लोकांच्या वस्त्यांवर पहाटे हल्ला केला. माणसं फारशी मेली नाहीत, बहुतेक जण कडे चढून निसटले. पण सैन्याने तंबू जाळले, हिवाळ्यासाठी साठवलेलं अन्न जाळलं, आणि पकडलेल्या घोड्यांपैकी हजाराहून जास्त घोडे गोळ्या घालून मारले. घोडा नाही, अन्न नाही, बायसन संपत आलेले, तोंडावर हिवाळा. १८७५ च्या जूनमध्ये कोमांची पुढारी क्वाना पार्करच्या गटाने ओक्लाहोमातल्या फोर्ट सिलला येऊन शरणागती पत्करली, आणि मोकळ्या माळावरचं कोमांचींचं जगणं तिथे संपलं.

आणि १८७६ ला त्याच दरीत चार्ल्स गुडनाइट नावाचा गुरंवाला आपली गुरं घेऊन उतरला. दोन वर्षं फक्त मधे गेली. दरीत अजून बायसन होते, ते पुढे हाकलून त्याने गुरांना जागा केली आणि जॉन अडेअरच्या भांडवलावर जेए रँच उभं राहिलं. म्हणजे आपल्या पोस्टरवरची दोन जनावरं कधी समोरासमोर आलीच असतील तर ती अशी आली.

पण गोष्ट इथे थांबत नाही, म्हणूनच ती मुलांना सांगण्यासारखी आहे. गुडनाइटची बायको मॉली, तिला त्या दरीत मैलोन् मैल शेजार नव्हता, आणि कातडी शिकाऱ्यांच्या बंदुकांचे आवाज कानावर यायचे. आया मारल्या गेल्या की वासरं मागे राहायची. १८७८ च्या सुमारास तिने नवऱ्यामागे लकडा लावला की ही वासरं वाचव, आणि त्याने आणलेल्या मोजक्या वासरांपासून कळप वाढला. त्याच कळपातली काही जनावरं पुढे १९०२ ला येलोस्टोनला गेली, जेव्हा तिथे जंगलात जेमतेम दोन डझन बायसन उरले होते. राहिलेल्यांचे वंशज १९९७ मध्ये टेक्सास सरकारला देण्यात आले, आज ते किटाक्वे गावाजवळ कॅपरॉक कॅन्यन्स स्टेट पार्कमध्ये आहेत, टेक्सासचा अधिकृत बायसन कळप म्हणून. ज्या माणसाने बायसन हाकलून गुरं आणली त्याच्याच घरातून दक्षिणेकडच्या बायसनचा वंश वाचला. मॉलीचं नाव आपल्या एकाही कार्यक्रमात मी ऐकलेलं नाही, बफेलो बिलचं मात्र दरवेळी ऐकते, ज्याने रेल्वेच्या मजुरांना मांस पुरवायला अठरा महिन्यांत ४,२८० बायसन मारल्याचं स्वतःच सांगितलंय.

एक अजून, जे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. कायोवांच्या सूर्यनृत्याला बायसन लागायचाच, त्याशिवाय ते होऊच शकत नाही. १८८७ च्या उन्हाळ्यात त्यांना तो गुडनाइटकडून विकत आणावा लागला. ज्यांच्या आज्यापणज्यांनी क्षितिजापर्यंत काळे कळप बघितलेले त्यांना देवाच्या कार्यासाठी एक बायसन एका गुरंवाल्याकडून.

आता लाँगहॉर्न. त्याच्याबद्दल आपल्याला जरा जास्त माहिती असते पण तीही अर्धीच. ही गुरं मूळची स्पेनची. कोलंबसने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत गुरं कॅरिबियन बेटांवर आणली, तिथून मेक्सिको, तिथून मिशनऱ्यांबरोबर टेक्सास, आणि मग रानात सुटून पिढ्यानपिढ्या कुणी न सांभाळता वाढली. त्यामुळे चिवट. दुष्काळात काटेरी निवडुंग खाऊन राहणारी, लांब चालणारी, वासरासाठी लांडग्यावर धावून जाणारी. रंग तर असे की दोन जनावरं सारखी सापडणार नाहीत, तांबडी, कबरी, बांडी, ठिपक्यांची, पट्ट्यांची. आपल्याकडच्या माणदेशी खिल्लाराची शिंगं कशी मागे जाऊन वर वळतात, ह्यांची बाजूला आडवी पसरतात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहा-सात फूट सहज.

आणि इथे आपल्याशी एक खरा धागा आहे, ओढूनताणून आणलेला नाही. २०१३ मध्ये यूटी ऑस्टिनच्याच संशोधकांनी लाँगहॉर्नची जनुकं तपासली तेव्हा दिसलं की साधारण ८५ टक्के वंश युरोप-मध्यपूर्वेकडच्या गुरांचा आहे आणि जवळपास १५ टक्के भारतीय उपखंडात माणसाळवलेल्या वशिंडवाल्या गुरांचा, तो आफ्रिकेतून स्पेनमध्ये आणि तिथून बोटीने इकडे आला असावा. मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे कसे चमकतात ते बघा. टेक्सासची ओळख म्हणून जे जनावर मिरवतात त्याच्या रक्तात आपल्याकडच्या गुरांचा अंश आहे, आपल्याआधी कितीतरी शतकं इथे पोचलेला.

१८६५ ला यादवी युद्ध संपलं तेव्हा टेक्सासात माणसं कंगाल होती आणि मोकाट गुरं लाखोंनी. इथे एका बैलाला चार डॉलर मिळायचे, उत्तरेच्या बाजारात चाळीस. म्हणून १८६७ पासून चिझम ट्रेल चालू झाली, टेक्सासातून निघायचं, ओक्लाहोमा ओलांडायचं, जी तेव्हा इंडियन टेरिटरी होती, आणि कॅन्ससच्या ॲबिलीनला रेल्वेत भरायचं. दिवसाला दहा-पंधरा मैल, दोन-तीन महिने, पुरात नद्या ओलांडत, रात्री वीज कडाडली की अख्खा कळप उधळायचा. या एका वाटेने ५० लाखांच्या आसपास गुरं गेली असा अंदाज आहे. ज्या चिझमचं नाव तिला आहे तो जेसी चिझम अर्धा चेरोकी, व्यापारी. आणि गुरं हाकणारे काऊबॉय आपल्याला गोरेच डोळ्यासमोर येतात, प्रत्यक्षात चारातला एक कृष्णवर्णीय असायचा असं म्हणतात, शिवाय मेक्सिकन वाकेरो, म्हणजे गुराखी, ज्यांच्याकडून फास टाकण्यापासून खोगिरापर्यंत सगळी विद्या आलेली. फॅन्सी ड्रेसमध्ये काऊबॉय होणाऱ्या आपल्या सावळ्या मुलांना हे कुणीतरी आवर्जून सांगायला हवं.

मग लाँगहॉर्नचीही पाळी आली. त्यांच्या अंगावर रोग पसरवणारी गोचीड असायची. स्वतः त्या रोगाला पचवलेली ही गुरं, पण जिथून जातील तिथली स्थानिक गुरं मरायची, त्यामुळे मिझुरी-कॅन्ससचे शेतकरी बंदुका घेऊन वाट अडवायला लागले आणि एकेक करत कायद्याने वाटा बंद झाल्या. (गोचीड हेच कारण हे १८९३ मध्ये थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी सिद्ध केलं, किड्या-गोचिडीतून रोग पसरतो याचा तो जगातला पहिल्यावहिल्या पुराव्यांपैकी एक, सायन्सवाल्या मुलांसाठी हा वेगळा प्रोजेक्ट होईल.) १८७४ ला ग्लिडनच्या काटेरी तारेचं पेटंट झालं आणि मोकळा माळ तुकड्यातुकड्यांनी बंद होत गेला. रेल्वे टेक्सासातच आल्यावर लांब चालणारं जनावर कशाला हवं? लोकांनी हेरफर्ड, शॉर्टहॉर्न अशी लवकर भरणारी, चरबीदार गुरं आणली, लाँगहॉर्नवर त्यांचे वळू सोडले, आणि १९२० च्या दशकापर्यंत शुद्ध लाँगहॉर्न शोधून सापडेना.

म्हणजे ज्या दोघांना आपण वेस्टची शान म्हणून छापतो ते दोघंही पार संपत आले होते, पन्नास वर्षांच्या आत, एका पाठोपाठ एक. आणि दोघांना वाचवायला जी जागा निवडली ती एकच निघाली, आपल्या डॅलसपासून गाडीने तीन-साडेतीन तासांवर: ओक्लाहोमात लॉटन गावाजवळचं विचिटा माउंटन्स वाइल्डलाइफ रेफ्यूज.

माझा सगळा आग्रह या जागेसाठी आहे. १९०५ मध्ये अमेरिकन बायसन सोसायटी स्थापन झाली, आणि ऑक्टोबर १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स झूमधले १५ बायसन, सहा बैल आणि नऊ गाई, रेल्वेने आठवडाभराचा प्रवास करून ओक्लाहोमातल्या कॅश गावात उतरवले. बघायला कोमांची लोक जमले होते, क्वाना पार्कर स्वतः हजर होता. म्हाताऱ्यांनी बायसन बघितलेले होते, मुलांनी फक्त ऐकलेले. बायसन झूमधून आणावे लागले, न्यूयॉर्कहून, हे पण मुलांना सांगा. त्याच डोंगरात १९२७ मध्ये विल बार्न्स आणि जॉन हॅटन या फॉरेस्ट सर्व्हिसच्या दोन माणसांनी लाँगहॉर्नचा सरकारी कळप उभा केला. काँग्रेसने ३,००० डॉलर दिले होते, आणि यांनी हजारो मैल फिरून हजारो गुरं नजरेखालून घातली तेव्हा कुठे वीसेक गाई, तीन वळू आणि काही वासरं पसंतीला उतरली. आज तिथे साडेसहाशेच्या आसपास बायसन आणि तीनशेच्या आसपास लाँगहॉर्न आहेत, एकाच रानात, मोकळे.

तिथे गेल्यावर बघण्यासारखं काय असतं तेही सांगते, कारण लोक माउंट स्कॉटच्या माथ्यापर्यंत गाडी नेतात, सनसेटचा फोटो काढतात आणि उतरतात. जरा हळू चला. ग्रॅनाइटच्या मोठ्या दगडांच्या कडा कंबरेएवढ्या उंचीवर गुळगुळीत झालेल्या दिसतील, तिथे बायसन अंग घासतात, मे-जूनमध्ये त्या दगडांना आणि झुडपांना तपकिरी लोकरीचे पुंजके अडकलेले असतात. गवतात मधेच ताटासारखे गोल खळगे दिसतील, बायसनने लोळण घेऊन घेऊन केलेले, पावसाचं पाणी साठून त्यात बेडूक होतात. आणि लाँगहॉर्न गाय दाट ओकच्या झाडांतून कशी जाते ते बघा, मान एका बाजूला कलती करून आधी एक शिंग पुढे काढते, मग दुसरं, इतकी सहज की वेगही कमी होत नाही.

माउंट स्कॉटबद्दल कायोवा लोक एक गोष्ट सांगतात. उरलेल्या बायसननी ठरवलं की आता आपल्याला आपल्या माणसांचं रक्षण करता येत नाही. एका पहाटे धुक्यात एका कायोवा बाईने बघितलं, शेवटचा कळप चालत आला, डोंगर उघडला, आत जग हिरवंगार होतं, आणि ते सगळे आत निघून गेले. माथ्यावर उभं राहून मुलांना ही गोष्ट सांगा आणि मग खाली चरणारा कळप दाखवा. ज्या जमिनीवर आपण उभे असतो ती १९०१ पर्यंत कोमांची-कायोवा-अपाची रिझर्वेशन होती आणि तिच्या आजूबाजूची जमीन लॉटरी काढून वाटून टाकली गेली, हेही त्याच वेळी सांगा.

तर आता माझं प्रत्यक्ष मागणं. सगळ्यात आधी ते कागदी पिसांचे टोप आणि "रेड इंडियन" हे शब्द आपल्या स्टेजवरून काढून टाका. ती माणसं आजही आहेत, कोमांची नेशनचं मुख्य ऑफिस लॉटनजवळच आहे, त्यांची मुलं शाळा-कॉलेजात आहेत, उद्या आपल्या मुलांची रूममेट असतील. पिसांचा टोप त्यांच्यात कर्तबगारीने मिळवायचा मान आहे. आपल्या पगडीचा किंवा फेट्याचा कुणी असा खेळ केला तर आपण गप्प बसतो का?

मग सहल. स्टॉकयार्ड्सला जाऊ नका असं मी अजिबात म्हणत नाही, पण दोन वर्षांतून एकदा तरी बस विचिटा माउंटन्सला न्या आणि लॉटनमधलं कोमांची नॅशनल म्युझियम त्यात धरा, त्यांचा इतिहास त्यांच्याच तोंडून ऐकू दे मुलांना. फोर्ट वर्थवाल्यांना त्याहून जवळ फोर्ट ग्रिफिन आहे, अल्बनी गावाजवळ. १८७० च्या दशकात तिथे बायसनच्या कातड्यांचे ढीग लागायचे, पुढे त्याच गावावरून वेस्टर्न ट्रेलने गुरं डॉज सिटीला जायची, आणि आज तिथे टेक्सास राज्याचा अधिकृत लाँगहॉर्न कळप आहे. अमरिलो-लबकच्या मंडळींनी कॅपरॉक कॅन्यन्स सोडूच नये.

मंडळाच्या दिवाळी फंडातून दरवर्षी काही रक्कम बाहेरच्या कामाला जाते. एक वर्ष ती इंटरट्रायबल बफेलो काउन्सिलला देता येईल का बघा, ऐंशीहून जास्त जमाती त्यात आहेत आणि बायसन परत आपापल्या जमिनीवर आणायचं काम ते १९९० च्या दशकापासून करतायत. कमिटीत चर्चा होईल, कुणी म्हणेल आपल्या गावाकडच्या शाळांना का नको, त्यांनाही द्या, पण आपण राहतो इथे, घर घेतलंय इथे, या मातीचंही काही देणं लागतो असं मला वाटतं.

आणि सुरक्षितता, हे कळकळीने सांगते. नर बायसनचं वजन ९०० किलोपर्यंत जातं आणि तो ताशी ५५ किलोमीटरने पळतो. येलोस्टोनमध्ये इतर कुठल्याही प्राण्यापेक्षा बायसनने जास्त माणसं जखमी केली आहेत, आणि जवळपास दरवेळी माणूसच जवळ गेलेला असतो. तिथला नियम २५ यार्डांचा, म्हणजे साधारण दोन मोठ्या बसगाड्या एकापुढे एक उभ्या केल्या की होईल तेवढा. शेपूट उभी झाली की समजायचं तो चिडलाय, गाडीत बसायचं. सेल्फीसाठी मुलांना पुढे उभं करणारे आपले लोक मी बघितलेत. २०१६ मध्ये येलोस्टोनला काही टुरिस्टांनी थंडी वाजतेय असं समजून एक वासरू उचलून गाडीत घातलं, कळपाने त्याला परत घेतलं नाही आणि शेवटी ते मारावं लागलं. आणि डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला गवा शिरला तेव्हा गर्दीने त्याला पळवून पळवून काय केलं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय, तो त्याच दिवशी गेला. त्यामुळे बसमध्ये निघायच्या आधी हे नियम मराठीत, मोठ्याने, आजी-आजोबांसकट सगळ्यांना वाचून दाखवा. व्हिजिटर म्हणून आलेले आई-बाबा इंग्रजी पाट्या वाचत नाहीत.

जायचं तर एप्रिल-मे मध्ये जा. उन्हाळा तिथे भाजून काढतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये बायसनचे नर माजावर असतात. वसंतात मात्र नारिंगी रंगाची वासरं आयांच्या मागे पळताना दिसतात आणि मुलं तासन्तास बघत बसतात. मराठी शाळेच्या मुलांसाठी या सगळ्याचं दोन पानांचं सोपं टिपण मी लिहून ठेवलंय, नकाशासकट. ज्या मंडळाला हवंय त्यांनी आपल्या कमिटीतर्फे मागवा, लगेच पाठवते, आणि डॅलस भागातून बस निघणार असेल तर त्या दिवशी मुलांबरोबर यायलाही मी तयार आहे.

आपली,
उत्तर टेक्सासमधल्या मराठी शाळेची एक शिक्षिका